नेपाळच्या लांब ट्रेकला मोठा सुरा न्यावा का, आणि आधी तो तपासायचा कसा?

आधी तपासायचं सांगतो. अन्नपूर्णा सर्किटला निघण्याआधी मी सात इंची पात्याचा सुरा बीडकडच्या आमच्या शेतात महिनाभर राबवला. वाळलेल्या बाभळीवर पातं टेकवून वरून दांडक्यानं ठोकायचं. पंधरा-वीस लाकडं फोडली तरी मूठ हलली नाही, कारण पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं होतं. ते निम्म्यातच संपत असेल तर असला सुरा घेऊच नका. धार मात्र एका गाठीवर दुमडली. ऊसतोडीवाले कोयत्याला मारतात तशी कानस मारली, सरळ झाली.

पातं कार्बन स्टीलचं असेल तर लिंबू कापून तसंच ठेवू नका, काळं पडतं. पुसून गोडेतेलाचा हात फिरवा.

आता न्यायचं म्हणाल तर, खरं सांगू? तिकडं मुक्कामाला चहाघरं मिळतात, लाकूड फोडायची वेळच आली नाही. ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीपर्यंत अर्धा किलो ओझं वाहिलं अन् कापलं काय, तर चीज! पुढच्या वेळी मी लहान चाकूच नेणार. तोही चेक-इन सामानात, हँडबॅगेत नाही.