लिनक्स मिंटवर पहिला पेनड्राइव्ह उघडत नाही, दुसरा उघडतो. काढताना ‘बिझी’ म्हणतं. काय करू?

तुम्ही लिहिलंय की नाशिकरोडला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि महिन्यापूर्वी तिथे लिनक्स मिंट टाकलं. सकाळी लावलेला पहिला पेनड्राइव्ह पासवर्ड मागतो आणि पासवर्ड देऊनही एरर येते, पण तो तसाच ठेवून दुसरा लावला तर तो लगेच उघडतो. मशीनमध्ये हार्ड डिस्क एकच आहे. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क आपोआप उघडावी म्हणून ओळखीच्या मुलाने काहीतरी सेटिंग करून दिलं, ती डिस्क तुम्ही रविवारीच लावता. या शेवटच्या वाक्यातच तुमचं उत्तर आहे, म्हणून मिंट परत टाकायची घाई करू नका.

माझं अशोक स्तंभाजवळ डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह येत-जात असतात, त्यामुळे हा त्रास मी स्वतः काढलाय.

पेनड्राइव्ह खोचला की काम चार हातांतून जातं. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) तो दिसतो आणि तोच त्याला नाव देतो, यूडेव्ह त्याची ओळख नोंदवतो, यूडिस्क्स तो माउंट करतो, म्हणजे एका फोल्डरच्या जागी उघडून देतो, आणि हे कर असं यूडिस्क्सला सांगतो तो तुमचा डेस्कटॉप. नावं येण्याच्या क्रमाने मिळतात. तुमची आतली डिस्क ‘एसडीए’, म्हणजे बाहेरून येणारा पहिला पाहुणा ‘एसडीबी’, दुसरा ‘एसडीसी’. त्या मुलाने ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये (कुठली डिस्क कुठे उघडायची याची यादी) ‘एसडीबी१ ही बॅकअप डिस्क, एनटीएफएसची’ अशी ओळ टाकली असणार. ‘१’ म्हणजे डिस्कचा पहिला भाग (पार्टिशन), आणि एनटीएफएस, फॅट३२, एक्सफॅट या डिस्कवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती. आता रविवार सोडून कुठल्याही दिवशी पहिला येणारा पेनड्राइव्ह ‘एसडीबी१’ होतो. यूडिस्क्स ती ओळ पाळतो. ती रूटची (सिस्टिमच्या मुख्य मालकाची) असल्यामुळे पासवर्ड विचारतो, आणि पेनड्राइव्ह फॅट३२चा निघाला की ‘हा एनटीएफएस नाही’ अशा अर्थाची एरर देऊन थांबतो. दुसरा ‘एसडीसी१’ होतो, त्याच्यासाठी ओळच नाही, म्हणून तो बिनबोभाट उघडतो.

पण एररपेक्षा एरर न येण्याची मला जास्त काळजी वाटते. एखाद्या गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह एनटीएफएसचा निघाला, तर पासवर्ड दिल्यावर तो थेट तुमच्या बॅकअपच्या फोल्डरच्या जागी उघडेल. त्या वेळी बॅकअप चालू झाला, तर लोकांच्या आधारकार्डांचे स्कॅन परक्या माणसाच्या खिशातून घरी जातील. त्यामुळे हे आजच दुरुस्त करा.

(कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं घ्या, आडव्या रेघा फक्त अक्षरं सुटी दिसावीत म्हणून आहेत.) बॅकअप डिस्क लावा आणि टर्मिनलमध्ये एल-एस-बी-एल-के लिहून, जागा सोडून, वजा चिन्ह आणि एफ द्या. प्रत्येक पार्टिशनपुढे त्याचा यूयूआयडी दिसेल. तो त्या डिस्कचा स्वतःचा असतो, ती कितवी लावली यावर बदलत नाही. एफएसटॅबची एक कॉपी बाजूला ठेवा, मग ओळीच्या सुरुवातीचं ‘/डेव्ह/एसडीबी१’ पूर्ण काढून तिथे ‘यूयूआयडी’ कॅपिटलमध्ये, बरोबरचं चिन्ह आणि तो आकडा लिहा. ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी मशीन चालू होऊ दे) किंवा ‘नोऑटो’ (सुरू होताना डिस्क उघडू नको) यांपैकी एक पर्याय तिथे आधीच असणार. तो नसता, तर डिस्क नसलेल्या दिवशी मशीन ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये गेलं असतं. माझं गेलं होतं, दहावीच्या निकालाच्या दिवशी, दारात रांग असताना. तो शब्द चुकूनही पुसू नका. नंतर मशीन रीस्टार्ट करा.

आता काढतानाचं ‘बिझी’. बहुतेक वेळा पेनड्राइव्हवरूनच पीडीएफ उघडलेली असते आणि खिडकी दुसऱ्या खिडकीमागे राहिलेली असते. सापडत नसेल तर फ्यूझर (एफ-यू-एस-ई-आर) कमांडला वजा व्हीएम आणि पेनड्राइव्हचा पत्ता द्या (मिंटमध्ये तो ‘मीडिया’ फोल्डरात तुमच्या युजरच्या नावाखाली असतो). कुठला प्रोग्रॅम धरून बसलाय ते नावानिशी कळतं. तो बंद करा. ‘लेझी’ अनमाउंट (बिझी असतानाच जबरदस्तीने काढणं) करायला सांगणारे भेटतील, ऐकू नका. त्यात पेनड्राइव्ह नजरेआड होतो, लिहिणं मागे चालूच असू शकतं.

हे मी पोळून सांगतोय. लग्नपत्रिकेची दुरुस्त फाइल मी एका काकांच्या पेनड्राइव्हवर कॉपी केली, हिरवी पट्टी पूर्ण झाली, आणि त्यांनी घाई केली म्हणून तसाच उपसून दिला. पेनड्राइव्हचा दिवा अजून लुकलुकत होता. सातपूरच्या प्रेसमध्ये फाइल उघडलीच नाही, बिचारे भर दुपारी परत आले. लिनक्स आधी रॅममध्ये लिहून घेतो आणि सावकाश पेनड्राइव्हवर उतरवतो. फॅट३२वर यूडिस्क्स ‘फ्लश’ पर्याय लावतो म्हणून मजकूर लवकर उतरतो. एक्सफॅट आणि एनटीएफएसवर तसं नाही, तिथे पट्टी संपल्यावरही बराच मजकूर रॅममध्येच असतो. म्हणून इजेक्टचं बटण दाबायचं आणि ‘आता काढू शकता’ असं आल्याशिवाय हात लावायचा नाही. उशीर लागतोय म्हणजे ते लिहितंय.

माझ्याकडे आता एकच रीत आहे: आलेली फाइल आधी डेस्कटॉपवर कॉपी, पेनड्राइव्ह लगेच इजेक्ट करून गिऱ्हाइकाच्या हातात, मग प्रिंट. ‘बिझी’ची भानगड जवळपास संपली. संध्याकाळी डेस्कटॉपवरच्या त्या फाइली पुसतो.

एखादा एनटीएफएसचा पेनड्राइव्ह दुरुस्तीनंतरही उघडला नाही, तर तो विंडोजमधून नीट न काढता आलेला असू शकतो. त्यावर ‘डर्टी’ अशी खूण राहते. जबरदस्तीने उघडू नका, मालकाला विंडोजवर चेकडिस्क चालवून आणायला सांगा. डेटा त्याचा आहे.

ओळ बदलूनही पहिलाच पेनड्राइव्ह अडला, तर सुडो (रूटच्या अधिकाराने चालवणारा शब्द) लावून डी-एम-ई-एस-जी, वजा डब्ल्यू ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड चालू ठेवा आणि मग पेनड्राइव्ह खोचा. त्या क्षणी उमटलेल्या ओळी इथे टाका. काहीच उमटलं नाही तर पोर्ट किंवा पेनड्राइव्ह तपासा, मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावून बघा. एफएसटॅबची ती ओळही टाका, मी बघून सांगतो.