मैदान मुलांचं, मग मुलांना विचारलं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या सोसायटीमागे महापालिकेचा एक मोकळा प्लॉट आहे, तिथे मुलांसाठी खेळायची जागा व्हावी म्हणून आम्ही काहीजण मागे लागलोय. रविवारी सकाळी मीटिंग बोलावली तर आले बहुतेक रिटायर्ड लोक, त्यांना जॉगिंग ट्रॅक आणि ओपन जिम हवंय, वर क्रिकेट बंद करा म्हणतात. मुलांचं कुणी ऐकलंच नाही. सगळ्यांचं मत घ्यायचं कसं?
– एक आई, पुणे

उत्तर : मीटिंग घेतलीत ते बरंच केलंत, पण मीटिंगला येतो तो ज्याला सवड आहे आणि चारचौघांत बोलायची सवय आहे. मुलं येणार नाहीत, त्यांना सांभाळणाऱ्या मावशी येणार नाहीत आणि मागच्या वस्तीतल्या लोकांना तर कुणी बोलावलेलंच नसतं. म्हणून तुम्हीच संध्याकाळी पाच-सहाला प्लॉटवर जाऊन बसा, तेही एकदा नाही, शाळेच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी, आणि कोण कुठे खेळतंय ते नुसतं बघा.

मुलांना "काय हवंय?" विचारलंत तर झोका आणि घसरगुंडी एवढंच सांगतील, कारण त्यांनी तेच पाहिलंय. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर प्लॉटवर फिरा, कुठे बसायला आवडतं, कुठे भीती वाटते, कोण हाकलतं ते विचारा आणि खडूने जमिनीवरच आखू द्या. पत्र्याची घसरगुंडी मे महिन्यात चार वाजता हात लावू देत नाही, हे तुम्हाला मुलंच सांगतील, ड्रॉइंग काढणारा नाही.

मुलींना वेगळं विचारा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. व्हिएन्नामध्ये १९९०च्या दशकात पाहणी केली तेव्हा नऊ वर्षांपुढच्या मुली पार्कात दिसेनाशा होतात असं आढळलं, मग १९९९मध्ये दोन पार्कांची नव्याने आखणी केली, त्यात जागा छोट्या-छोट्या भागांत वाटली आणि फुटबॉलशिवाय इतर खेळांनाही वाव ठेवला. आपल्याकडे पण एकाच पिचवर मोठे मुलगे खेळतात आणि मुली कडेला उभ्या असतात, बघा तुमच्याकडे पण हेच दिसेल.

अगदी लहानांसाठी, पुण्यात राबवलेल्या अर्बन ९५ या, शहराकडे लहान मुलांच्या नजरेतून बघणाऱ्या उपक्रमाची कल्पना घ्या. ९५ सेंटीमीटर म्हणजे साधारण तीन वर्षांच्या मुलाची उंची, तेवढं खाली बसून प्लॉट बघा, उघडं गटार आणि बाकाचा धारदार कोपरा लगेच दिसतो. आणि आजी-आजोबांना शत्रू करू नका हं, त्यांचा बाक खेळाच्या जागेसमोर सावलीत ठेवला तर मुलांवर लक्षही राहतं, ट्रॅक प्लॉटच्या कडेने जाऊ शकतो.

पैशांचं म्हणाल तर पुणे महापालिका २००६पासून बजेटसाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. एका कामाला खर्चाची मर्यादा असते, ती आधी विचारून घ्या आणि त्यात बसेल असं काम लिहा, "बाग विकसित करणे" असं मोघम नको. मात्र फॉर्म भरायच्या आधी सगळ्यांशी बोलून घ्या, नंतर नाही, एकदा ड्रॉइंग पास झालं की लोक फक्त बाकांचा रंग ठरवतात.

शेवटी प्लॉटच्या गेटवर एक कागद लावा, कोण काय म्हणालं, त्यातलं काय घेतलं आणि काय का नाही घेतलं, आणि तो मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहा.