हिरमोड, भ्रमनिरास की रुसवा?

फोंड्याहून एका वाचकाने विचारलं आहे: "आर्क्टिक मंकीज हा आम्हा मित्रांचा कॉलेजपासूनचा लाडका बँड. २०१८ साली त्यांनी गिटारी मागे सारून पियानोवरचा एकदम भलताच अल्बम काढला. तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, ‘बँडने आवाज बदलला, माझा भ्रमनिराश झाला, मला खूप वाईट दिसलं.’ एक मित्र तर सरळ म्हणाला होता, ‘ते विकले गेले.’ परवा ती वही बहिणीच्या हाती लागली. ती म्हणते यातला एकही शब्द धड नाही, ‘अपेक्षाभंग’ लिहायला हवं होतं. कोणाचं बरोबर?"

बहिणीचं बरंचसं बरोबर आहे, पण तिने सुचवलेला शब्द मला पुरेसा वाटत नाही. एकेक बघू.

आधी लेखन. ‘भ्रमनिराश’ असा शब्द नाही, ‘भ्रमनिरास’ आहे. निराश म्हणजे ज्याला आशा उरली नाही तो. ‘निरास’चा आशेशी संबंध नाही. त्याचा अर्थ दूर सारणं, काढून टाकणं. शंकांचं आपण ‘निरसन’ करतो, ते याच धातूपासून आलेलं. जुन्या शास्त्रचर्चेत आक्षेपांचाही ‘निरास’ होत असे. तेव्हा भ्रमनिरास म्हणजे भ्रम दूर होणं, डोळ्यांवरची झापड जाणं. मुळात ही चांगली गोष्ट. आज आपण तो दुःखाने वापरतो आणि त्यात काही वावगं नाही, पण त्या दुःखाच्या पोटात जुना अर्थ शाबूत आहे: मी जे खरं धरून चाललो ते खरं नव्हतंच. स्थळ सांगून आलं तेव्हा मुलाची नोकरी मोठी होती, चौकशीत कळलं की नोकरीच नाही, तर तो भ्रमनिरास. निवडणुकीआधी गावात बसून जेवलेला पुढारी नंतर ओळख दाखवेना, तोही भ्रमनिरासच.

बँडच्या बाबतीत हा शब्द मला पटत नाही तो याच कारणाने. आर्क्टिक मंकीजचा २००६ चा पहिला अल्बम आठवा. इंग्लंडमधल्या त्यांच्या शेफिल्ड शहरातल्या शनिवारच्या रात्री, क्लबच्या दारात अडवणारे पहारेकरी, घरी परतायची टॅक्सी, आणि या सगळ्यावर धावणाऱ्या गिटारी. तुम्हाला त्यात जे भेटलं ते तिथे होतंच, आजही आहे. बारा वर्षांनी त्याच मुलांनी वेगळं काही केलं म्हणून आधीचं खोटं ठरत नाही. ‘माझा भ्रमनिरास झाला’ असं लिहिताना तुम्ही नकळत कॉलेजातल्या स्वतःच्या आनंदालाच भ्रम म्हणून बसता. इतकी मोठी किंमत द्यायचं कारण नाही.

आता ‘अपेक्षाभंग’. व्याकरणात चोख, अर्थाला बरोबर. पण हा शब्द अर्थसंकल्पावरच्या अग्रलेखात जितका शोभतो तितका गाण्यापाशी शोभत नाही. तुम्ही नेमकी काय अपेक्षा धरली होती हे सांगता येत असेल, तर वापरा. लाडक्या बँडकडून असं मोजून मापून काही मागितलेलं नसतं. ‘रसभंग’ही इथे बसणार नाही, कारण तो क्षणाचा असतो. मैदानात बीट शो, म्हणजे बँडचा कार्यक्रम, रंगात आला आणि वीज गेली, की रसभंग. वीज आली की रस पुन्हा जमतो. ‘विरस’ थोडा जवळचा आहे, मात्र त्यात गोष्ट बेचव झाल्याची छटा येते आणि ठपका गाण्यावर जातो.

माझं मत ‘हिरमोड’ला. हा शब्द पूर्ण आपल्या मातीतला. ‘हिरमुसलेलं तोंड’ त्याच गोतातलं. हिरमोड व्हायला आधी उत्सुकता लागते. ज्याला कशाची ओढच नव्हती त्याचा हिरमोड होत नाही, तो फक्त नाराज होतो. दुसरं म्हणजे हिरमोडाला गुन्हेगार लागत नाही. पावसामुळे सामना रद्द झाला की प्रेक्षकांचा हिरमोड होतो, आणि त्यात पावसाला कोणी दोष देत नाही.

२०१८ च्या मे महिन्यात तो पियानोचा अल्बम आला तेव्हा आमच्या शेजारच्या मुलाला मी जवळून पाहिलं आहे. पावसाआधीचा उकाडा, पंखा पूर्ण वेगावर, तो बाल्कनीच्या उंबऱ्यावर हेडफोन लावून बसलेला. पहिलं गाणं सुरू झालं, पियानो. त्याने अर्ध्यावर पुढचं लावलं. मग त्याच्या पुढचं. चेहऱ्यावर राग नव्हता. गिटार कुठे येते ते तो शोधत होता. नवव्या-दहाव्या गाण्यापर्यंत असंच चाललं, मग हेडफोन गळ्यात उतरवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पयलींचें तें उरूंक ना." म्हणजे पूर्वीचं ते उरलं नाही. त्या चेहऱ्यासाठी मराठीत एकच शब्द आहे आणि तो हिरमोड.

‘आवाज बदलला’ याबद्दल बहिणीचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आवाज बदलतो तो गळ्याचा: सर्दी झाली, मुलगा वयात आला, गायक थकला. बँडची जी एकूण वाजण्याची तऱ्हा असते, कोणती वाद्यं पुढे, ठेका कसा, गाणं किती भरलेलं वा मोकळं, तिला आपल्या संगीतात फार नेमका शब्द आधीपासून आहे: बाज. तबल्यात दिल्लीचा बंद बाज आणि पूरबचा खुला बाज असा भेद करतात. तबला तोच, बोल पुष्कळसे तेच, पण हात कुठे पडतो, किनारीवर की मैदानात, यावर सगळं वाजणं बदलतं. हिंदीतलं बाजा आणि आपलं वाजणं यांच्याच कुळातला हा शब्द. म्हणून ‘बँडचा बाज बदलला’ म्हटलं की मराठी वाचकाला काही समजावून सांगावं लागत नाही. मित्रांत बोलताना ‘साउंड’ म्हणालात तरी चालेल, तो शब्द आता रुळला आहे. फक्त बाज पुल्लिंगी ठेवा. स्त्रीलिंगी बाज म्हणजे बाळंतिणीची खाट.

‘बँडने सूर बदलला’ असं मात्र लिहू नका. मराठीत सूर बदलतो तो बोलण्याचा. काल विरोध करणारा आज गोड बोलू लागला की त्याचा सूर बदलला. ‘रंग बदलले’ त्याहून वाईट, त्यात लबाडी आली. बदल आवडला तर ‘कात टाकली’ आहेच. आणि निवाडा न देता नुसता बदल सांगायचा असेल तर ‘वळण’. हा शब्द तर गोव्याच्या गायकांनी कमावलेला. १९६४ साली धि गोवा हिंदू असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणलं. त्यात मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी पदं आटोपशीर केली, तानांचा पसारा आवरून शब्द आणि भाव पुढे आणले, आणि तेव्हापासून सगळे म्हणत आले आहेत की त्यांनी नाट्यसंगीताला नवं वळण दिलं. नाटकाची पदं रात्रभर ऐकत वाढलेल्या कानांना ती आखूड पदं पहिल्यांदा ऐकताना कशी वाटली असतील, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकरांचं उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळ जातं. त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाई सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या. त्यांचं गाव साळावलीच्या धरणात गेलं, मे महिन्यात पाणी ओसरलं की अजून वर येतं. मोगूबाईंनी अल्लादियाखाँसाहेबांकडून मिळवलेली जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम लेकीला दिली, आणि लेकीने पुढे त्या गायकीत आलापाला, भावाला, एकेका सुराच्या शोधाला इतकी जागा दिली की घराण्याच्या शुद्धतेचे आग्रही नाराज झाले. त्यांची तक्रार एका वाक्यात मावायची: घराण्याची शिस्त मोडली. बँडच्या चाहत्यांचंही तेच होतं. पहिल्या दोन-तीन अल्बमांतून ते मनात एक घराणं उभं करतात आणि पुढच्या प्रत्येक गाण्याला त्याच्या उंबऱ्यात उभं करून पारखतात. ‘तुम्ही तुमचं घराणं सोडलंत’ ही मराठीतली फार जुनी, फार मायेची तक्रार आहे, आणि बँडला ती लावायला माझी काहीच हरकत नाही.

हरकत आहे ती ‘विकले गेले’ला. मराठीत विकला जातो तो साक्षीदार, पंच, नगरसेवक. तिथे पैसे घेणारा असतो, देणारा असतो आणि मोडलेलं इमान असतं. तुमच्या मित्राने इंग्रजीतली ‘सेल-आउट’ ही ठरीव शिवी जशीच्या तशी मराठीत आणली, आणि इथे येताना ती फार जड झाली. शिवाय वस्तुस्थितीलाही धरून नाही. गिटारींनी भरलेल्या २०१३ च्या अल्बमनेच तर त्यांना अमेरिकेत मोठं केलं होतं. पैसाच हवा असता तर तेच पुन्हा वाजवणं सोपं होतं. ते सोडून पियानोपाशी जाऊन बसणाऱ्याला विकला गेला कसं म्हणायचं?

अर्थात चाहत्यांच्या तोंडून याहून जड शब्द गेलेले आहेत. अमेरिकन लोकगायक बॉब डिलनने २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात साधी गिटार ठेवून विजेवरची घेतली तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो केली. पुढच्या वर्षी, १७ मे १९६६ ला मँचेस्टरच्या कार्यक्रमात एकजण ओरडला, "जूडास!" गोव्यात हा शब्द कोणाला समजावून द्यावा लागत नाही. चांदीची तीस नाणी घेऊन गुरूला पकडून देणारा शिष्य. मराठीत त्या जागी सूर्याजी पिसाळ आला असता, किंवा नुसता घरभेदी. या शब्दांत मला द्वेषापेक्षा दुसरंच काही जास्त ऐकू येतं. घरभेदी म्हणायला आधी घर एक असावं लागतं. परक्याला कोणी घरभेदी म्हणत नाही.

त्या दुसऱ्या गोष्टीला मराठीत सुरेख नाव आहे: रुसवा. राग कोणाचाही येतो, रुसायला हक्क लागतो. विहीण रुसते, जावई रुसतो, धाकटं भावंड रुसतं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर आपण रुसत नाही. छोट्या बँडच्या चाहत्यांना हा हक्क जास्तच वाटतो आणि त्याला कारणही असतं. आर्क्टिक मंकीज सुरुवातीला आपल्या गाण्यांच्या सीडी कार्यक्रमात फुकट वाटत, आणि ऐकणाऱ्यांनीच ती गाणी इंटरनेटवर टाकून गावोगाव पोचवली. २००६ चा अल्बम दुकानात यायच्या आधी लोकांना तो तोंडपाठ होता. अशा बँडवर माणूस रुसला तर ते साहजिक आहे. दुखतं ते पुढे, कारण रुसव्यात कोणीतरी समजूत काढायला येईल ही आशा धरलेली असते आणि शेफिल्डहून फोंड्याला समजूत काढायला कोणी येत नाही. ते आपलं पुढचं गाणं करत राहतात, आणि रुसवा सोडायचा की नाही हे रुसणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

राहता राहिलं ‘वाईट दिसलं’. हे तुम्ही का लिहिलंत ते गोव्यातल्या कोणालाही कळेल. घरात कोंकणी, वहीत मराठी ही इथे अनेकांची रीत. कोंकणीत ‘म्हाका वायट दिसलें’ म्हणजे मला वाईट वाटलं. मराठीत ‘वाईट दिसतं’ म्हणजे चारचौघांत बरं दिसत नाही. कोंकणीतलं वाक्य नितळ आहे, ते तसंच कोंकणीत ठेवा. मराठीत ‘वाटलं’ लिहा.

तर त्या वहीतलं वाक्य मी असं लिहीन: "बँडने बाज बदलला, माझा हिरमोड झाला, मला फार वाईट वाटलं." आणि मित्राचं वाक्य खोडून त्याच्या जागी, "त्यांनी घराणं सोडलं, आम्ही रुसलो." बहिणीला ‘अपेक्षाभंग’च हवा असेल तर तिच्या वहीत तो खुशाल राहू दे, चूक नाही.