मीटिंगला गेलो तर गावभर होईल ना जी?

प्रश्न: नमस्कार जी. मी आर्वी तालुक्यातला, वय ४१. चार एकर कापूस-तूर आन् गावात किराणा. बारा वर्षं झाली पितो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी हाय म्हणतात, पण मले ती बंदी कधी भेटली नाही, मोहाची तर घरपोच येते. मागच्या वर्षी एका केंद्रात महिनाभर राहून आलो, तान्ह्या पोळ्याले पुन्हा सुरू. आता सकाळी हात असा हालते का कपातला चहा बशीत सांडते, घोट घेतला का थांबते. बायको म्हणते दारू सोडणाऱ्यांचे ग्रुप असतात, तिथं जा. पण शोधू कुठं? आन् गेलोच तर गावभर होईल, मंग दुकानात कोण येईल? साळीनं एक पुडी पाठवली होती, न सांगता भाजीत टाकायची, ते मलेच सापडली.

उत्तर: भाऊ, गावभर झालेलंच आहे. किराणावाल्याचा हात हलतो हे गिऱ्हाईकाला काट्याच्या आधी दिसतं. मीही १४ वर्षांपूर्वी हेच म्हणत होतो, की कोणाला माहीत नाही, आणि आमच्या गल्लीतली पोरं माझ्या चालीची नक्कल करून दाखवत होती.

ग्रुपचं सांगतोच, पण आधी तो चहाचा कप. सकाळी हात थरथरतो आणि घोटाने थांबतो म्हणजे शरीराला सवय लागली आहे, अशा माणसाने आज रात्री शपथ घेऊन उद्यापासून एकदम बंद करायचं नसतं. पहिल्या दोन दिवसांत मिरगीसारखे झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, अंगात ताप चढतो, यात माणूस जाऊ शकतो. गावात लोक म्हणतात बाहेरचं लागलं आणि अंगारा आणायला धावतात. तसं काही दिसलं तर अंगारा नको, सरळ दवाखाना. आणि गल्लीतल्या डॉक्टरकडून नुसती ग्लुकोजची बाटली लावून यायची सवय असेल तर तीही सोडा, दारूने बी-१ व्हिटॅमिन संपलेलं असतं, ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तुम्हाला सेवाग्राम आहे, सावंगी आहे, दोन्हीकडे मेडिकल कॉलेजचा दवाखाना आणि मानसोपचाराची ओपीडी आहे. रोज किती घेता ते खरं सांगा, अर्ध करून सांगू नका, गोळ्यांचा डोस त्यावरच ठरतो.

आता ग्रुप. त्याच ओपीडीतल्या समाजसेवकाला विचारा की जवळ एए ची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग कुठे भरते, या लोकांना माहीत असतं. नाहीतर १४४४६ ला फोन लावा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत. रात्री मन फारच खालीवर झालं तर टेलि-मानसचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात. एए च्या ऑनलाइन मीटिंगाही असतात, पण तुमच्यासारख्याने निदान सुरुवातीला एसटीत बसून जावं असं माझं मत, घरातून फोनवर मीटिंग करणारा माणूस मधेच फोन म्यूट करून कुठं जातो ते मला माहीत आहे, मीच गेलो आहे.

गावातलीच मीटिंग पाहिजे असं नाही, उलट एक तालुका सोडून जा. तिथं रजिस्टर नाही, फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. ओळखीचा भेटला तर? भेटू द्या की. त्याने तुमचं गावात सांगायचं ठरवलं तर आधी त्याला सांगावं लागेल ना की तो स्वतः तिथं काय करत होता!

माझी पहिली मीटिंग शाळेच्या वर्गात होती, पोरांचे बेंच, गुडघे आत जात नव्हते. चहा आला आणि मी हात मांडीखाली दाबून बसलो. बाजूच्या माणसाने माझा ग्लास उचलला, अर्धा चहा आपल्या ग्लासात ओतून घेतला आणि अर्धा भरलेला माझ्यापुढे ठेवला, काही बोलला नाही. अर्धा ग्लास सांडत नाही भाऊ. हे ज्याचा हात हललेला आहे त्यालाच सुचतं, केंद्रातल्या महिनाभराच्या लेक्चरात ते मिळत नाही, आणि केंद्रातून सुटल्यावर तान्ह्या पोळ्यासारख्या दिवशी फोन करायला असा माणूस नसला की तुमचं झालं तसंच होतं.

आणि जवळपास मीटिंग निघालीच नाही तर? एए सुरू झालं तेच दोन माणसांवर. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल नावाचा एक दारू सोडलेला शेअर दलाल, त्याला पुन्हा प्यावंसं वाटायला लागलं म्हणून दुसरा पिणारा शोधत डॉक्टर बॉबकडे गेला. दोघं-तिघं दारू सोडण्यासाठी एकत्र बसले की त्यांचाही ग्रुप होतो, ही त्यांच्यातली मान्य गोष्ट आहे. तुमच्या केंद्रातला एखादा टिकलेला सोबती असेलच, त्याचा नंबर काढा.

वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्यासाठीही वेगळी मीटिंग असते, अल-ॲनॉन, १९५१ पासून, बिलच्या बायकोचाच त्यात पुढाकार होता. नवरा जावो न जावो, तुम्ही जाऊ शकता. आणि बहिणीच्या त्या पुडीत काय आहे कोणाला ठाऊक, दारू सोडवायचं डायसल्फिराम नावाचं औषध असलं आणि भाऊंनी वरून दारू घेतली तर बीपी एकदम पडून जीव जाऊ शकतो. ते देतात, पण पेशंटला सांगून आणि डॉक्टरच्या नजरेखाली द्यायचं. पुडी संडासात टाका, उकिरड्यावर नको, कोंबड्या खातात.