स्कॅन ‘धोका नाही’ म्हणतंय? आधी एक्सक्लूजन्सची यादी उघडून बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीचे माझेच दिवस आठवले. दुकानातून फॉरमॅट मारून आणलेला लॅपटॉप, तरी ब्राउझर मधूनच भलत्या पानावर जातो, तीनदा फुल स्कॅन केलं आणि तिन्ही वेळा ‘धोका नाही’ आलं, मग आता मशीन स्वच्छ समजायचं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: इतक्यात नको.

मी आयटीतली नाही. घरून साड्या विकते आणि जे कळलंय ते पोळून कळलंय. शिवाय हे फक्त घरच्या विंडोज मशीनपुरतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर काही न करता त्यांच्या आयटीवाल्यांना कळवा. बॅकअप, अपडेट वगैरे तुम्ही केलं असणारच, त्यात शिरत नाही.

आज एवढं एकच करा. विंडोज सिक्युरिटी, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात मॅनेज सेटिंग्ज, आणि पार तळाला जा. तिथे एक्सक्लूजन्स, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची यादी, दिसेल. क्लिक केलं की विंडोज परवानगी मागतं, ‘येस’ करा. स्वतः कधी काही टाकलं नसेल तर ही यादी रिकामी असायला हवी. माझ्याकडे तीन ओळी होत्या आणि पहिली होती नुसती ‘सी:\’. म्हणजे अख्ख्या सी ड्राइव्हकडे बघायचंच नाही, असं डिफेंडरला (विंडोजमधल्याच अँटिव्हायरसला) कुणीतरी सांगून ठेवलेलं. मी चार महिने दर रविवारी फुल स्कॅन लावत होते. ते काही मिनिटांत संपायचं, हिरवी खूण यायची आणि मला वाटायचं, एसएसडी आहे म्हणून भराभर होतंय.

ते करणारा दुकानदारच. त्याने विंडोज प्रो टाकून ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स न घेताच विंडोज चालू करून देणारा चोरटा प्रोग्राम, चालवला होता. डिफेंडर असल्या ॲक्टिव्हेटरला अडवतो, म्हणून आधी टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंग्ज कुणी परस्पर बदलू नये म्हणून असलेलं कुलूप) बंद करायचं, एक्सक्लूजन घालायचं आणि तसंच ठेवून मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. जाब विचारायला गेले तर म्हणाला, “मॅडम, सगळ्यांना असंच देतो, आजवर कुणाची तक्रार नाही.” पावती मागितली तर तीही नाही. सगळ्यात चीड याची येते की याची गरजच नव्हती! माझा लॅपटॉप विंडोज होमसकट विकत घेतलेला. विंडोज 8 पासूनच्या अशा लॅपटॉपमध्ये लायसन्सची की सहसा मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (मशीनमध्येच कोरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते. तीच होम आवृत्ती परत टाकून इंटरनेटला जोडलं असतं तर आपोआप ॲक्टिव्हेट झालं असतं. तुम्ही सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान बघा. घरच्या मशीनवर ‘तुमच्या संस्थेच्या सेवेमार्फत ॲक्टिव्हेट’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर काय झालंय ते समजा.

आता माझी खरी घोडचूक. इन्स्टाग्रामकडून अनोळखी लॉगिनचा मेल आला आणि मी घाबरून त्याच लॅपटॉपवर बसून पासवर्ड बदलला. आत पासवर्ड चोरणारा प्रोग्राम बसलेला होता. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर उचलतोच, शिवाय आपण लॉगिन आहोत हे साइटला सांगणाऱ्या कुकीजही नेतो. त्या कुकीज हाती असल्या की ओटीपी विचारलाच जात नाही. मी नवी किल्ली करून चोराच्याच हातात दिली. दोन दिवसांत अकाउंट गेलं, माझ्या नावाने क्रिप्टोच्या स्टोरी सुरू झाल्या आणि माझ्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी माझ्यावर विश्वास ठेवून 8000 रुपये पाठवले. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे परत आले नाहीत. ते मी भरले. काकू काही बोलल्या नाहीत, पण अजून त्यांच्या घरासमोरून जाताना मान वर होत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, त्या लॅपटॉपवर बँक, मेल काहीही उघडू नका. पासवर्ड फोनवरून बदला, आधी मेलचा, मग बाकीचे. बदलल्यावर ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्सही तपासा. माझ्याकडे इन्स्टाग्रामचे मेल परस्पर डिलीट करणारं एक फिल्टर निघालं होतं.

तपासायचंच असेल तर एक्सक्लूजन्स काढून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावा. त्यात मशीन रीस्टार्ट होतं आणि नेहमीचं विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण 15 मिनिटं लागतात. ब्राउझरच्या मेनूत ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ असं दिसतंय का तेही बघा. घरच्या मशीनवर ते नसायला हवं, आणि भलत्या पानांवर जाण्याचं मूळ पुष्कळदा तिथेच किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये असतं. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स हे फुकट टूल मशीनबरोबर काय काय सुरू होतं ते दाखवतं, पण यादी लांबलचक असते. कळत नसेल तर काही डिलीट करू नका.

माझं मत विचाराल (इथले जाणकार कदाचित वेगळं सांगतील), तर एक्सक्लूजन्समध्ये ‘सी:\’ दिसल्यावर साफसफाईत वेळ घालवू नका. दुसऱ्या, खात्रीच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून किमान 8 जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवा, फोटो-कागदपत्रं बाहेर काढा आणि सगळी पार्टिशन्स उडवून नव्याने टाका. सगळी म्हणजे डी सुद्धा. माझ्या दुकानदाराने फक्त सी फॉरमॅट केला होता आणि डीमध्ये ‘सेटअप’ नावाचं स्वतःचं फोल्डर ठेवून गेला होता. त्यातलं पीडीएफचं सॉफ्टवेअर मीच चालवलं. रोग त्यातून आला की ॲक्टिव्हेटरमधून, हे मला आजही सांगता येत नाही. परत घेताना फोटो आणि फाइलीच घ्या, एकही एक्सई (प्रोग्रामची .exe फाइल) नको. ब्राउझरचं सिंकही लगेच चालू करू नका, जुनं एक्स्टेन्शन त्यातून परत येतं.

एक्सक्लूजन्समध्ये काय निघालं ते इथे लिहा. स्क्रीनशॉट टाकणार असाल तर फोल्डरच्या पत्त्यातलं तुमचं नाव झाका. मी रात्री नऊनंतर बघते.