लॅरी फिट्झजेराल्डने एकदाही सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना) जिंकला नाही, तरी अ‍ॅरिझोनाचे लोक त्याला इतकं का मानतात?

मी २००७ पासून फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या निवृत्त आजोबांनी मला खेळ शिकवला, आणि तो शिकवताना त्यांचं बोट कायम ११ नंबरच्या लाल शर्टावर, म्हणजे फिट्झजेराल्डवर असायचं. त्यामुळे हे उत्तर एका चाहत्याचं आहे असं समजूनच वाचा.

आधी संघाची अवस्था सांगतो, नाहीतर त्याची किंमत कळणार नाही. त्याचा संघ कार्डिनल्स १९८८ मध्ये सेंट लुइसहून इकडे आला. १९४७ च्या विजेतेपदानंतर २००८ च्या हंगामापर्यंत या संघाने प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेरीचा) फक्त एक सामना जिंकला होता. टेंपीच्या जुन्या मैदानात भर उन्हात तापलेल्या बाकांवर बसायचं, आणि आजूबाजूला आपल्यापेक्षा पाहुण्या संघाचेच पाठीराखे जास्त! आजोबांनी अशी कित्येक वर्षं काढली होती. २००४ मध्ये अशा संघाने पिट्सबर्ग विद्यापीठाच्या या पोराला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. तो १७ हंगाम खेळला, सगळे इथेच.

तो रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा. हे काम क्रिकेटवाल्याला असं सांगता येईल: सीमारेषेकडे पाठमोरं धावत खांद्यावरून येणारा झेल घ्यायचा, तोही दोन जण अंगाला झोंबत असताना. फिट्झजेराल्ड फार वेगवान नव्हता. त्याची जादू हातांत आणि नजरेत होती. त्याचे आजोबा शिकागोत डोळे तपासायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आला की ते त्याच्याकडून नजर आणि हात यांचा मेळ बसवणारे व्यायाम करून घेत. पुढे छायाचित्रांत एक गंमत दिसली. चेंडू हातात येतो त्या क्षणी कित्येकदा त्याचे डोळे मिटलेले असतात! चेंडू कुठे येणार हे त्याला आधीच कळलेलं असायचं. मिनियापोलिसमध्ये वाढताना तो तिथल्या व्हायकिंग्ज संघाचा बॉलबॉय होता आणि त्यांच्या क्रिस कार्टरसारख्या रिसीव्हरला रोज जवळून बघत होता. तो मुरलेपणा तिथूनही आला असणार.

२००८ च्या प्लेऑफबद्दल मात्र मी सविस्तरच सांगणार. चार सामन्यांत ३० झेल, ५४६ यार्ड, ७ टचडाउन (चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे पोहोचणं). एका प्लेऑफमध्ये तोवर इतकं कुणीच केलं नव्हतं. ईगल्सविरुद्ध ग्लेनडेलला पहिल्या हाफमध्येच त्याने तीन टचडाउन केले आणि आमचा संघ इतिहासात पहिल्यांदाच सुपर बोलला गेला. १ फेब्रुवारी २००९, टँपा, समोर स्टीलर्स. पहिल्या हाफमध्ये त्याच्या वाट्याला एकच झेल आला. चौथ्या क्वार्टरला आम्ही ७-२० ने मागे. मग तो उठला. २ मिनिटं ३७ सेकंद उरलेली असताना आमच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकणाऱ्या कर्ट वॉर्नरचा पास मधल्या भागात घेऊन तो ६४ यार्ड सुसाट पळाला. पळता पळता मान वर करून मोठ्या पडद्यावर बघत होता, मागे कोण येतंय ते. २३-२०! आजोबांच्या दिवाणखान्यात आम्ही दोघं एकमेकांना मिठी मारून उभे होतो. शेवटची ३५ सेकंद उरली असताना स्टीलर्सच्या सँटोनियो होम्सने कोपऱ्यात तो झेल घेतला आणि २३-२७ ने सामना गेला. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

वॉर्नर निवृत्त झाल्यावर जे झालं, त्यावरून माणूस कळतो असं मला वाटतं. एकामागून एक क्वार्टरबॅक येत-जात राहिले, पास धड हातापर्यंत पोहोचत नव्हते. दुसरा कुणी संघ सोडून गेला असता आणि त्याला कुणी बोलही लावला नसता. याने २०११ मध्ये इथेच लांबचा करार केला. पुढे प्रशिक्षक ब्रूस एरियन्सने त्याला कडेवरून आत, स्लॉटमध्ये आणलं. तिथे अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यांना अडवणं हे रोजचं काम. नावाजलेले रिसीव्हर ते टाळतात, हा मनापासून करायचा. आपल्या क्वार्टरबॅकचा पास प्रतिस्पर्ध्याने पळवला की त्याच्यामागे जीव तोडून धावायचा. कारकिर्दीत त्याच्या हातून सुटलेल्या झेलांपेक्षा त्याने केलेले टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) जास्त आहेत, हा आकडा इथले लोक अजून अभिमानाने सांगतात. एकूण झेल १,४३२, यार्ड १७,४९२. दोन्हींत त्याच्या पुढे फक्त जेरी राइस.

टचडाउन केल्यावर तो नाचत बसायचा नाही. चेंडू पंचांच्या हातात द्यायचा आणि परत फिरायचा. जानेवारी २०१६ मध्ये पॅकर्सविरुद्ध जादा वेळेतल्या पहिल्याच चालीत त्याने ७५ यार्ड नेले आणि दोन चालींनंतर सामना संपवला, त्या रात्री मात्र मैदानभर जल्लोष होता.

आई तो कॉलेजात असताना २००३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी झुंजताना गेली. पदवी पूर्ण करेन असा शब्द त्याने तिला दिला होता. तो पाळला २०१६ मध्ये, म्हणजे पैसा, नाव सगळं मिळाल्यावर, जेव्हा त्या पदवीची त्याला काडीचीही गरज नव्हती. त्याच वर्षीचा वॉल्टर पेटन पुरस्कार, जो मैदानाबाहेरच्या कामासाठीही देतात, त्याला एली मॅनिंगबरोबर विभागून मिळाला.

एक गोष्ट मला अजून खुपते. त्याचा शेवटचा हंगाम २०२०, करोनाचा. स्टेडियममध्ये बहुतेकांना प्रवेशच नव्हता. निवृत्तीचा सोहळा नाही, पत्रकार परिषद नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका रेडिओ कार्यक्रमात तो म्हणाला की आता खेळायची ओढ उरलेली नाही, आणि तेवढ्यावर १७ वर्षं संपली. उभं राहून टाळ्या वाजवायची संधी आम्हाला मिळालीच नाही. आजोबा अजूनही हंगामातल्या दर रविवारी तो ११ नंबरचा शर्ट घालतात. बाहीची शिवण मागच्या वर्षी उसवली होती, ती माझ्या बायकोने घालून दिली.