प्रचाराच्या दिवसांत नेत्याचे काम कसे जोखावे?

प्रश्न : आम्ही डिचोली तालुक्यातील खाणपट्ट्यात राहतो. खाणी बंद पडल्या तेव्हा घरचे ट्रक दारात उभे राहिले आणि शेवटी मिळेल त्या भावाने विकावे लागले. निवडणूक आली की एक पक्ष म्हणतो, खाणी तुम्ही बंद पाडल्या. दुसरा म्हणतो, लूट तुमच्याच राजवटीत झाली. दोघांचेही आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. आमच्यासारख्याने कोणाच्या कारभाराचा हिशेब कसा मांडावा?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : खाणबंदीची झळ ज्या घराला लागली, त्या घराला दोन्ही बाजूंची भाषणे सारखीच पोकळ वाटली तर त्यात नवल नाही. माझी सूचना अशी की भाषणे तूर्त बाजूला ठेवावीत आणि आधी तारखा एका कागदावर लिहून काढाव्यात. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि त्याच निकालात गोव्यातील खाणपट्ट्यांची, म्हणजे खाणींसाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांची, मुदत २००७ मध्येच संपली होती, असे सांगितले. त्यानंतर ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ते रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या. खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू होण्यासाठी २०२२ चा डिसेंबर उजाडावा लागला.

आता या तारखांसमोर सरकारे मांडा. मार्च २०१२ पर्यंत दिगंबर कामत यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेस आघाडीचे सरकार होते. त्यानंतर मनोहर पर्रीकर, लक्ष्मीकांत पार्सेकर, पुन्हा पर्रीकर आणि मग प्रमोद सावंत, असे मुख्यमंत्रिपद भाजपकडे राहिले. म्हणजे प्रश्न एक नसून तीन आहेत. मुदत संपलेल्या पट्ट्यांतून माल निघत असताना खाण खाते काय करीत होते? लिलावाचा मार्ग मोकळा असताना नूतनीकरणाचा निर्णय कोणी आणि का घेतला? आणि २०१८ नंतर लिलावाला चार वर्षांहून अधिक काळ का लागला? पहिला प्रश्न एका पक्षाला अडचणीचा आहे, उरलेले दोन दुसऱ्याला, आणि प्रचारात प्रत्येक जण आपल्याला नको असलेला प्रश्न वगळूनच बोलतो. न्यायालयाचा निकाल कोणत्याही नेत्याच्या जमेला किंवा खर्चाला मांडता येत नाही, हे खरे. परंतु निकालापूर्वी आणि निकालानंतर त्याच्या हाती जे होते, त्याचे त्याने काय केले, हे मात्र त्याच्याच खात्यावर पडते.

श्रेयाच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. मोपाच्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००० मध्ये मिळाली, पायाभरणी २०१६ च्या नोव्हेंबरात झाली, पर्यावरण परवाना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केला, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. एवढ्या काळात किती सरकारे आली आणि गेली, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. अशा कामाचे सगळे श्रेय एकाच छायाचित्राखाली छापलेले दिसले, तर ते छायाचित्र ज्याने छापून आणले त्याला पुढचे प्रश्न जरूर विचारावेत.

याहून अवघड भाग कायदा आणि अंमलबजावणी यांच्यातील अंतराचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात, १९६४ मध्ये, कूळ कायदा झाला. त्यांच्यानंतरच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळात १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा) कायदा आणि १९७६ ची, कसेल त्याला जमीन देणारी दुरुस्ती आली. हे काम मोठे होते, यात शंका नाही. परंतु त्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात कूळ-मुंडकारांना न्याय देण्याचे आश्वासन पुन्हा पुन्हा का येते, याचे उत्तर मामलेदार कचेरीत मिळते. आपल्या वाड्यावरील एखाद्या शेताचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, काढून पाहा. कुळाच्या रकान्यात आजोबांचे नाव असते, पण जमीन नातवाच्या मालकीची झालेली नसते, कारण दाव्याला तारखेमागून तारीख पडत राहते. व्यासपीठावरून कुळांसाठी गहिवरणाऱ्या आमदारापेक्षा, आपल्या तालुक्यात असे किती दावे पडून आहेत, हा प्रश्न सभागृहात विचारून त्याचे लेखी उत्तर मिळवणारा आमदार मी केव्हाही वरचा मानीन, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

असा प्रश्न कोणी विचारला, हे पाहणे फारसे कठीण नाही. गोवा विधानसभेच्या संकेतस्थळावर तारांकित आणि अतारांकित प्रश्न उत्तरांसह असतात. उमेदवाराचे नाव घेऊन पाच वर्षांतील प्रश्न वाचावेत. नुसती संख्या मोजू नये. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ एवढ्या उत्तरावर जो गप्प बसला आणि ज्याने पुढच्या अधिवेशनात तोच विषय पुन्हा लावून धरला, त्या दोघांतील फरक प्रचारपत्रकात दिसत नाही. त्याच्या जोडीला उमेदवारी अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र वाचावे. मालमत्ता, कर्ज, गुन्हेगारी खटले आणि शिक्षण यांची माहिती त्यात देणे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे बंधनकारक झाले आहे. एकाच उमेदवाराची लागोपाठच्या दोन निवडणुकांतील प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवली की मधल्या पाच वर्षांत काय बदलले, ते त्याच्याच सहीने समजते.

प्रश्न : आमच्या आमदारांनी निवडून आल्यावर पक्ष बदलला. त्यांचे आधीचे काम आता कोणाच्या नावावर धरायचे?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : काम त्यांच्या नावावर राहील आणि पक्षबदलही त्यांच्याच नावावर राहील. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले. दुसऱ्या वेळी तर निवडणुकीपूर्वी, त्याच वर्षीच्या जानेवारीत, काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिरात, क्रॉसपाशी आणि दर्ग्यात पक्षनिष्ठेची शपथ घेतली होती. दोन तृतीयांश आमदार एकत्र गेल्यास राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातील, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातील, विलीनीकरणाच्या तरतुदीचा आधार घेता येतो. परंतु अपात्रतेपासून मिळालेले संरक्षण हे मतदाराला दिलेले उत्तर नव्हे. ‘मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो’ असे जे सांगतात, त्यांना एवढेच विचारावे की त्या तारखेनंतर मतदारसंघात असे कोणते काम झाले, जे विरोधी बाकांवर बसून झाले नसते.

प्रश्न : घरी दोन मराठी दैनिके येतात. एकात एका उमेदवाराचे रोज कौतुक असते, दुसऱ्यात त्याचे नावही नसते. वर्तमानपत्रांनी बाजू घेणे योग्य आहे का?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : उघडपणे घेतलेली बाजू मला आक्षेपार्ह वाटत नाही. गोव्याच्या पत्रकारितेचा सर्वांत तेजस्वी काळ बाजू घेण्याचाच होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘गोमन्तक’ महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता आणि ‘राष्ट्रमत’ त्याच्या विरोधात झुंजत होता. कोणते पत्र काय म्हणणार, हे वाचकाला ठाऊक होते आणि ते लक्षात ठेवूनच तो वाचत होता. विलीनीकरण ३४,०२१ मतांच्या फरकाने नाकारले गेले. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, मार्चमध्ये, त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केले. एका प्रश्नावर नेत्याला नकार द्यायचा आणि त्याच्या बाकीच्या कामाचा मान ठेवायचा, हे त्या पिढीला जमले, याचा मला अतिशय अभिमान वाटतो. त्या काळच्या मुलांनी शाळा पाहिली होती, कुळांनी कायदा पाहिला होता. त्यांना वर्तमानपत्राने सांगण्याची वाट पाहावी लागली नाही.

आक्षेप आहे तो छुप्या बाजूला, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीला. भारतीय वृत्तपत्र परिषदेने या विषयावर २०१० मध्ये अहवाल दिला. महाराष्ट्राच्या २००९ च्या विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाण यांच्याविषयीचा मजकूर शब्दशः सारखा असा वेगवेगळ्या दैनिकांत छापून आल्याचे उघड झाले होते. निवडणूक आयोगाने त्यांना निवडणूक खर्चाच्या हिशेबावरून २०१४ मध्ये नोटीस बजावली आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अशी बातमी सिद्ध करणे किती कठीण आहे, ते यावरून दिसते. ओळखणे मात्र तेवढे कठीण नाही. बातमीदाराचे नाव नाही, विरोधकाचे एकही वाक्य नाही, विशेषणे भरपूर आहेत आणि तोच मजकूर दुसऱ्या दैनिकात निराळ्या मथळ्याखाली आहे, असे दिसले की संशय घेण्यास जागा आहे. ज्या उमेदवाराचे नावच येत नाही, त्याच्याबद्दलही हाच संशय धरावा; गप्प राहण्याचेही पैसे मागितले जातात.

मोबाइलवर फिरणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या मजकुराचा विचारही करू नये. छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार सक्तीचे आहे. तेवढीही जबाबदारी जो घेत नाही, त्याच्या शब्दाला किंमत देण्याचे कारण नाही.

आपला संशय पक्का असेल, तर दोन्ही दैनिकांची पाने तारखेसह जपून ठेवावीत आणि जिल्हा पातळीवरील माध्यम प्रमाणन व देखरेख समितीकडे लेखी तक्रार करावी. बातमी पैसे देऊन छापलेली ठरली, तर तिची जाहिरातीच्या दराने होणारी किंमत उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. गोव्यात विधानसभेच्या उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा २०२२ मध्ये २८ लाख रुपये ठरली. निकालानंतर ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि ठरलेले शुल्क भरून कोणालाही तो पाहता येतो, त्याची प्रतही घेता येते.